बादाचा डबा

भिंगवाल्याने अंगठा जिभेला लावला, त्याच अंगठ्याने नाणं उचललं, आणि घारीने आपला रुमाल काढून मुठीत धरला.

घार हे तिचं टोपणनाव. टांकसाळीच्या तपासणीच्या खोलीत बावीस जणी होत्या. सरकत्या पट्ट्यावरून शेकडो नाणी वाहत जायची, आणि त्यांतलं खोडीचं एक नाणं हात लावायच्या आधीच दिसायचं ते हिला. कुणीतरी घार म्हणालं आणि चौतीस वर्षं तेच चिकटून राहिलं. आता सत्तरी आली, निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी दुधवाला सुट्टे पैसे परत देई तेव्हा ती ते तळहातावर पसरून बघे. सवय मरत नाही.

भिंगवाल्याचं जुन्या नाण्यांचं दुकान एका जिन्याखाली होतं. एक माणूस आत शिरला की दुसऱ्याने बाहेर यावं, एवढीच जागा. तिथे आज तिघं दाटीवाटीने बसली होती, तो, घार आणि घारीची लेक. मखमलीची तबकं होती, पण मखमल तेलकट होऊन चकाकत होती. त्याच्या मिशीत बिस्किटाचा भुगा अडकला होता आणि बोलता बोलता तो नाण्यांवर सांडत होता. तो फुंकरीने भुगा उडवायचा. फुंकरीलाही वास होता.

"काय माल आहे, मावशी," तो म्हणाला. "जितकं वेडंविद्रं, तितकी किंमत. धड नाण्याला इथे कुत्रं विचारत नाही."

"मला कळतं," घार म्हणाली.

"तुम्हाला नाही तर कुणाला कळणार? तुम्ही टांकसाळीतल्या. लेकीनं सांगितलं मला."

लेकीनेच तो डबा शोधला होता. बाबा जाऊन आठ महिने झाले, आता निदान हत्यारांची पेटी तरी विकून टाकू, म्हणून तिने ती उपसली, तर तळाशी फडक्यात बांधलेला पत्र्याचा डबा निघाला. आत तेवीस नाणी. सगळी पाचाची आणि सगळी बिघडलेली. लेक शिवणकाम करायची. तिला दुसरं यंत्र घ्यायचं होतं, आणि असली नाणी विकली जातात हे तिने कुठेतरी वाचलं होतं. "आई, बाबांचा छंद बघ," ती म्हणाली होती. "आपल्याला कधी बोलले नाहीत."

घारीने तेव्हा डब्यात डोकावूनही पाहिलं नव्हतं. बिघडलेल्या नाण्यांची तिला किळस होती, आणि ती काही कुणाला सांगून समजण्यासारखी नव्हती. स्वयंपाक करणाऱ्या बाईला भातात केस दिसल्यावर जे होतं, ते तिला ठसा सरकलेलं नाणं बघून व्हायचं. चौतीस वर्षं तिने ती घाण निवडून टाकली, वितळवायला पाठवली. आता तिच्यासमोर एक माणूस त्याच घाणीचे तीन ढीग लावून भाव सांगत होता आणि पोटची लेक ते पाकिटाच्या पाठीवर उतरवून घेत होती.

"हा पहिला ढीग साधा. ठसा थोडा सरकलेला, आठशे आठशे धरा. दुसरा बरा. ही दोनदा ठोकलेली, बघा, आकड्यावर आकडा. अडीच हजार एकेक. आणि हे तिसरे." त्याने तीन नाणी वेगळी सरकवली. "काठ कापलेला, आणि वर ठशाला तडाही. दोन खोडी एका अंगावर. अशी मी वीस वर्षांत दोनच पाहिली. एकेकाचे आठ हजार."

लेकीचं पेन थांबलं. "आठ?"

"आणि मावशींनी मनावर घेतलं तर सगळंच दुप्पट."

"मी काय मनावर घेऊ?"

"त्याचं असं आहे, आजकाल गॅरेजातली पोरं शिकंज्यात दाबून असली नाणी बनवतात. गिऱ्हाईक घाबरतं. तुम्ही निवृत्त तपासनीस. दोन ओळी लिहून द्यायच्या, की ही नाणी टांकसाळीच्या यंत्रातच बिघडलेली आहेत, आणि मला ती वेळोवेळी बाजारातल्या सुट्ट्या पैशांत मिळाली. खाली सही. बस."

"सुट्ट्या पैशांत मिळाली?"

"मग काय सांगायचं? टांकसाळीतून थेट आली म्हटलं तर ती चोरी. सुट्ट्यात सापडली म्हटलं तर छंद." तो हसला. त्याच्या दातांत बिस्किट होतं. "आणि हा रंग काढून टाकू. कुणीतरी काहीतरी फासलंय. नखांचा रंग काढायला बाया वापरतात ना, त्यात बुडवलं की साफ."

"कसला रंग?" म्हणत घारीने त्याच्या हातातून भिंग घेतलं. ते आपल्या रुमालाने पुसलं आणि मग डोळ्याला लावलं.

ठसा सरकलेल्या एका नाण्यावर, नेमक्या खोडीच्या जागी, निळ्या मेणाचा ठिपका होता. वाळून कडक झालेला, खाचेत बसलेला. दुसऱ्यावरही निळा. तिसऱ्यावरही. तिने भराभर नाणी उलटली. तेवीसांपैकी सतरांवर निळा ठिपका होता आणि सहांवर लाल.

तिने भिंग खाली ठेवलं.

तपासणीच्या खोलीत प्रत्येकीला एक मेणाची कांडी मिळायची. खोडीचं नाणं पट्ट्यावरून उचललं की खोड कुठे आहे तिथे ठिपका द्यायचा आणि नाणं टेबलाशेजारच्या बादाच्या डब्यात टाकायचं. रंग प्रत्येकीचा वेगळा, म्हणजे नाणं कुणी बाद केलं ते कळावं. निळी कांडी घारीची होती. लाल कांडी तिच्या शेजारी बसणाऱ्या चिमणीची.

"मावशी?" भिंगवाला म्हणाला. "पाणी देऊ?"

तिने ती कापलेली तीन नाणी भिंगाखाली धरली. तिन्हींवर लाल ठिपका होता. खोटी असावीत असं तिला फार वाटत होतं. पण जिथे काठ कापलेला होता त्याच्या बरोबर समोरची कड पुसट होती. शिकंज्यातल्या नाण्याला असं होत नाही. यंत्रात धातू कमी पडला की समोरची कड भरत नाही, तेव्हाच होतं. आणि आकड्यापासून निघून काठाकडे गेलेली ती केसासारखी उंच रेघ, तीन नंबरच्या यंत्राच्या ठशाला गेलेला तडा. तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा वाढायचा. काठापर्यंत पोचला आणि ठसा बदलला. कुठल्या आठवड्यात, तेही तिला माहीत होतं. तो आठवडा ती विसरणं शक्य नव्हतं.

तिने नाणी गोळा करून डब्यात टाकली, झाकण लावलं, डबा पिशवीत घातला आणि उठली.

"आई, अगं," लेक म्हणाली.

"चल."

रस्त्यावर आल्यावर लेकीने तिचा दंड धरला. "झालं काय तुला? तो चांगला भाव देत होता."

"ही नाणी माझ्या डब्यातून चोरलेली आहेत," घार म्हणाली. "माझ्या आणि चिमणीच्या."

"कोण चिमणी? आणि कुणी चोरली?"

"तुझ्या बापाने."

लेकीने दंड सोडला. "बाबा गेले म्हणून वाट्टेल ते बोलशील? आयुष्यात त्यांनी कुणाचा खिळा आणला नाही घरी. तूच सांगायचीस."

"मीच सांगत होते," घार म्हणाली.

* * *

तिच्या नवऱ्याचं काम यंत्रांत ठसे बसवण्याचं. लोक त्याला ठसेवालाच म्हणत. रोज पाळी संपताना तो तपासणीच्या खोलीत यायचा आणि टेबलाटेबलापाशी थांबून बादाचा डबा बघायचा, कारण कुठला ठसा झिजला, कुठला तडकला, ते त्याला तिथेच कळायचं. मग डबा वजनवाल्याकडे जायचा. संध्याकाळचं तिरपं ऊन उंच खिडक्यांतून यायचं, पट्टे थांबलेले असायचे, कानांतला खणखणाट हळूहळू उतरायचा, बायका काळी झालेली बोटं पुसत असायच्या, आणि तो तेलाचे हात पाठीमागे बांधून यायचा. सगळ्या दिवसातली ती वेळ घारीला सर्वांत आवडायची. त्या वेळेतच तिचं लग्न जमलं होतं. म्हातारपणी उगीचच डोळ्यांपुढे उभी राहायची ती तीच वेळ.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि तिच्या लक्षात आलं की तो चिमणीच्या टेबलापाशी जास्त थांबतो.

चिमणी लहानखुरी होती. बोलायला तिखट, हसायला मोकळी. घारीला तेव्हा पाचवा महिना होता, पाय सुजायचे, तोंडाला चव नव्हती. नवरा त्या टेबलाशी वाकून डब्यात हात घालायचा आणि चिमणी काहीतरी बोलायची. घार बघायची. बाकी काही नसलं तरी बघता तिला उत्तम यायचं.

मग एका आठवड्यात चिमणीचा डबा धरला गेला.

वजन कमी भरलं म्हणून नव्हे. पुरं भरलं म्हणून. प्रत्येक डब्याबरोबर चिठ्ठी जायची, ठशाची खोड असलेली इतकी, काठ कापलेली इतकी. काठ कापलेलं नाणं जरा हलकंच असतं, म्हणून त्या डब्याचं वजन हिशेबापेक्षा थोडं कमी यायचंच. चिमणीच्या चिठ्ठीवर कापलेली सात होती, आणि वजन आलं काटेकोर पुरं. वजनवाला काटा बघत बसणारा किरकिऱ्या माणूस होता. त्याने डबा पालथा केला. कापलेली चारच निघाली, आणि कसलीही खोड नसलेली तीन कोरी करकरीत नाणी. कुणीतरी तीन बाद नाणी काढून घेतली होती आणि संख्या जुळावी म्हणून स्वतःच्या खिशातली चांगली टाकली होती.

चौकशीला साहेबाने घारीला बोलावलं, शेजारचं टेबल म्हणून. "चांगलं नाणं चुकून बादात पडू शकतं का?" त्याने विचारलं.

"एखादं पडेल," ती म्हणाली होती. "तीन नाही. तिची नजर एवढी कच्ची नाही. टाकली असतील तर तिनेच टाकली."

चिमणीला त्याच दुपारी फाटकाबाहेर काढलं.

आणि आता, त्रेचाळीस वर्षांनी, घारीला सगळं स्वच्छ दिसत होतं. ठसेवाल्याला ठसा कळत होता. चकतीचं, म्हणजे ज्यावर ठसा उठतो त्या कोऱ्या तुकड्याचं, त्याला काही कळत नव्हतं. त्याच्या लेखी एक नाणं म्हणजे एक नाणं, सगळ्यांचं वजन सारखं. एक खोडीचं उचलायचं, एक चांगलं टाकायचं, झालं. ठसा सरकलेल्या नाण्यांना ती युक्ती चालली, म्हणून घारीच्या डब्यातून सतरा वेळा चालली. तिच्या पट्ट्यावर कापलेल्या चकत्या यायच्या नाहीत, त्या तीन नंबरच्या यंत्राला जायच्या आणि तीन नंबर चिमणीकडे होतं. एवढाच फरक.

सतरा वेळा. बायकोच्या डब्यात हात घातला होता त्याने. पट्टा बदलला असता तर पाच महिन्यांची पोटुशी बायको चौकशीला उभी राहिली असती, आणि तो तिथेही तेलाचे हात पाठीमागे बांधून उभा राहिला असता.

दोन दिवस ती घरातल्या त्याच्या वस्तू निवडत होती. त्याचा कप तिने फडताळातून काढला, राखेने घासला, पुन्हा घासला, आणि शेवटी कचऱ्यात टाकला. त्याच्या उशीला अजून त्याच्या डोक्याचा वास होता. कालपर्यंत त्या वासाने तिला झोप लागायची. आज तिने ती दोन बोटांत धरून जिन्यात नेऊन ठेवली. चव्वेचाळीस वर्षं तिने त्याला 'हे' म्हटलं होतं. आता मनात सारखं 'तो' येत होतं, आणि तेही तोंडात आलेल्या आंबट पाण्यासारखं.

सगळ्यांत वाईट हे होतं की किळस त्याच्यापाशी थांबत नव्हती. 'तिनेच टाकली' हे त्याने तिला पढवलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं.

* * *

चिमणीचा पत्ता तिला पहिल्यापासून ठाऊक होता. पाय वळले नव्हते, इतकंच.

दवाखान्याच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री होती, तिच्या वरच्या खोलीत चिमणी राहायची. जिन्यावर वाफ आणि साबणाचा उग्र वास. दार उघडंच होतं. चिमणी खिडकीपाशी बसून फाटक्या चादरीला ठिगळ लावत होती. एक डोळा दुधाळ झाला होता. हात सोलून निघाल्यासारखे लाल.

"ये घारे," ती म्हणाली. "तू मेलीस असं ऐकलं होतं."

"मी नाही. तो गेला."

"तेही ऐकलं. बरं झालं म्हणणार होते, पण ऐकायला तू नव्हतीस."

तिने बस म्हटलं नाही. घार आपणच चादरींच्या गठ्ठ्यावर बसली, डबा काढला, झाकण उघडून चिमणीपुढे ठेवला. चिमणीने सुई चादरीत टोचली. बोटांनी नाणी चाळली. लाल ठिपक्याचं एक नाणं चांगल्या डोळ्याजवळ नेलं आणि नखाने मेण जरासं खरवडून पाहिलं.

"माझी कांडी," ती म्हणाली. "कुठे सापडली?"

"त्याच्या पेटीत."

"हं."

"तुला माहीत होतं?"

"डबा माझ्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून वजनाला. मधे दुसरं होतं कोण? मी साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, थांब, त्याची बायको तुझ्या शेजारीच बसते, ती काय म्हणते बघू."

घारीला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसून राहिली. खाली यंत्रं घरघरत होती आणि तिच्या पायांना ती घरघर लागत होती.

"मला वाटायचं," ती कशीबशी म्हणाली, "की त्याचं आणि तुझं काहीतरी आहे. तुझ्या टेबलाशी इतका वेळ थांबायचा."

चिमणीने मान वर केली. मग ती हसली. जुनं, मोकळं हसू, फक्त दात कमी झालेले.

"अगं बये. त्या माणसाच्या अंगाला ग्रिसचा वास यायचा. मी श्वास धरून बसायचे. तो माझ्याकडे एकदा तरी बघेल तर शपथ. सगळा जीव त्याचा डब्यात." हसू गेलं. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

ठिगळाची कड चिमणीने बोटाने दाबून सरळ केली.

"मी टांकसाळीत जाते," घार म्हणाली. "ही नाणी देते आणि सगळं लिहून देते. त्याचं नाव घालून. माझंही. तुझ्यावरचा डाग निघेल."

"कुणाला दाखवू ते? साहेब मेला, वजनवाला मेला. माझी आई त्याच वर्षी गेली, लेक चोर निघाली हे बरोबर घेऊन. चोरीमुळे कमी केली असा कागद घेऊन मी सहा ठिकाणी फिरले, त्या सहाही जागा आता उरलेल्या नाहीत. तू लिहून देशील, कुणी कारकून ते फायलीत लावेल, आणि तुला रात्री झोप लागेल. होय ना?"

घारीने मान डोलावली. तेच तर हवं होतं तिला.

"याची किंमत काय येते?" चिमणीने विचारलं.

"काय?"

"कुणाला दाखवलीच असशील की. उगाच का माझ्याकडे आलीस? काय म्हणाला?"

"चौपन्न हजार. मी पत्र दिलं तर दुप्पट."

"कसलं पत्र?"

घारीने सांगितलं. चिमणी सुई थांबवून ऐकत होती.

"मग दे पत्र."

"ते खोटं आहे. सुट्ट्यात मिळाली म्हणून लिहायचं, माझ्या सहीने. अगं, ही असली घाण मी विकत फिरू? मला ती बघवतसुद्धा नाही."

"तू तेव्हा तुझं खरं बोललीस आणि मी उपाशी राहिले," चिमणी म्हणाली. "आता खोटं लिही. मी जेवीन."

घारीने तोंड फिरवलं. कढत साबणाचा वास घशात उतरला होता.

"आणि पैसे सगळे माझे," चिमणी म्हणाली. "तुझ्या लेकीला सांग, बापाच्या नावाने रडायचं तर रडू दे, हिशेब मागायचा नाही. उद्या अकराला येते. पत्ता लिहून ठेव त्या गठ्ठ्यावर, धुवायचाच आहे."

* * *

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या दुकानात पुन्हा तिघं बसली, लेकीच्या जागी चिमणी. भिंगवाल्याने आज वडी खाल्ली होती, बोटांना साखर होती. त्याने तिसऱ्या ढिगातलं एक नाणं उचललं, तर चिमणीने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"हात पूस आधी. आठ हजारांची वस्तू आहे, पेढा नाही."

त्याने मुकाट्याने हात पुसले. मग तिने दुसरा ढीग पुढे ओढला आणि एकेक नाणं डोळ्याजवळ नेऊन फिरवलं. "हे अडीच हजारांचं नाही. दोनदा ठोकलेलं आहे, पण दुसऱ्या वेळी नाणं फिरलंय, दिसतं का? आकडा उलटा बसलाय. असं वर्षातून एखादं येतं. याचे पाच. आणि हे तू साध्यात का टाकलंस? घारे, बघ गं."

घारीने बघितलं. बघावंसं वाटत नव्हतं तरी बघितलं, आणि क्षणभर त्या दोघी जुन्या पट्ट्यावर शेजारी बसल्यासारख्या झाल्या. "मागची बाजू अर्धी कोरी आहे," ती म्हणाली. "तेल साचलं असेल ठशात."

"ऐकलंस? तेल साचलेलं. दोन हजार."

"आजी, तेल म्हणजे काय खोड झाली?" भिंगवाला म्हणाला. "मला पण पोट आहे."

"दिसतंय ते. दोन हजार."

घारीला स्वतःचीच किळस आली. तिने जन्मभर नाकारलेल्या गोष्टींची ती आता तारीफ करत होती, आणि मुद्देसूद करत होती.

"फक्त हा मेणाचा रंग," भिंगवाला म्हणाला. "जाणकार गिऱ्हाईक ओळखेल, ही टांकसाळीतली खूण आहे. मग सुट्ट्यात मिळाली हे कसं पटेल? काढावाच लागेल."

त्याने टेबलाखालून काचेची बरणी काढली. आत उग्र वासाचं पाणी होतं, तळाशी गाळ. घारीने चिमणीकडे पाहिलं. ते लाल ठिपके हाच एक पुरावा होता, जगातला एकच. ती नाणी तपासून, ठिपका देऊन चिमणीने बादात टाकली होती आणि ती ठसेवाल्याच्या पेटीत निघाली, हे त्या ठिपक्यांशिवाय कुणालाही दाखवता आलं नसतं.

"बुडव," चिमणी म्हणाली.

तेवीस नाणी बरणीत गेली. मेण सुटायला लागलं, आधी धाग्यांसारखं, मग ढगासारखं. लाल आणि निळं एकमेकांत मिसळून बरणीत खरुजेच्या रंगाचं पाणी झालं. भिंगवाल्याने ते काडीने ढवळलं. घारीने नाकाला रुमाल लावला. चिमणी वाकून बघत होती, भात शिजला का बघावा तसं.

मग घारीपुढे कागद आला. टांकसाळीच्या नोंदवहीत लिहायची त्याच वळणदार अक्षरात तिने लिहिलं, की ही तेवीस नाणी यंत्रातच बिघडलेली असून अस्सल आहेत, आणि मला ती वेळोवेळी व्यवहारातल्या सुट्ट्या पैशांत मिळाली. खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त तपासनीस'. 'मिळाली' लिहिताना पेन अडकलं, तिने ते झटकलं आणि पुरं केलं.

"काय सुंदर अक्षर आहे, मावशी," भिंगवाला म्हणाला. तिने पेन त्याच्याकडे सरकवलं.

एक लाख पंधरा हजार झाले. चिमणीने नोटा मोजल्या, एक मळकी परत देऊन दुसरी मागून घेतली, आणि पुडकं जुन्या पिशवीत चादरीच्या तुकड्याखाली दडवलं. बाहेर ऊन होतं. दोघी फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या.

"मी सोडू तुला?" घारीने विचारलं.

"नको. लोकांना वाटेल मैत्रिणी आहोत." चिमणीने पिशवी छातीशी धरली. दोन पावलं गेली आणि थांबली. "घारे. एवढ्यावर थांबला नसेल तो. मी गेल्यावर वीस वर्षं होता ना तो तिथे? घरी जाऊन नीट शोध. निघालं तर मला कळव."

ती रस्ता ओलांडून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

घरी लेक शिवणयंत्रावर वाकली होती. पाय पेडलवर होते पण यंत्र चालत नव्हतं. दुकानातून परतल्यापासून ती आईशी जेवण-खाण सोडून बोलली नव्हती, पैसे चिमणीला द्यायचे हे ऐकलं तेव्हाही नाही.

"सगळे पैसे तिला दिलेस?"

"सगळे."

"काय म्हणाली ती?"

घारीने सांगितलं. लेकीचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावरचा रंग उतरला. ती म्हणेल, बाबांबद्दल पुन्हा एक शब्द काढू नकोस, असं घारीला वाटलं, आणि ते ऐकून घ्यायची तिची तयारी होती. लेक उठली. आतल्या खोलीत गेली. फरशीवर लाकूड ओढल्याचा आवाज आला आणि ती स्टूल घेऊन बाहेर आली.

"माळ्यावर त्यांची एक पेटी आहे," ती आईकडे न बघता म्हणाली. "टांकसाळीतून निवृत्त झाले तेव्हा आणलेली. किल्ली कधी कुणाला दिली नाही."

पेटी रिकामी निघावी म्हणून ती शोधते आहे की भरलेली, हे घारीला तिच्या पाठमोऱ्या अंगावरून कळेना. विचारायचा धीरही झाला नाही. तिने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. लेक चढली, वरून धूळ आणि जुन्या ग्रिसचा वास खाली आला. पेटी ओढताना आत काहीतरी जड सरकलं.

"धर," लेक म्हणाली.

घारीने हात वर केले.